दुधावाचूनचा आहार : एका शोधाची हकिकत

मांस खात नाही असे म्हणणाऱ्या माणसाला आपल्या देशात कोणी कारण विचारीत नाही. परंतु दूध, दही, लोणी आणि तूपही वर्ज्य केले आहे असे जो सांगतो, त्याला शाकाहारी आणि मांसाहारी असे दोन्ही पक्ष एकदमच जाब विचारू लागतात. ज्या समाजात पंचामृतावाचून पूजा पुरी होत नाही, वरणभातावर तुपाची धार पडल्याखेरीज पंगतीला आरंभ होत नाही आणि गोकुळातील लोण्याची चोरी हा ज्याच्या भक्तीचा सर्वांत लाडका विषय आहे, त्या समाजाला दुग्धत्याग हा सदाचाराचा पुढला टप्पा न वाटता निष्कारण उपटलेला एक कज्जा वाटावा, हे स्वाभाविकच होय. जैनांनी कंदमुळे आणि मध निषिद्ध मानला, पण दुधाला हरकत घेतली नाही. वारकऱ्याने तुळशीची माळ घातली ती मद्यमांसाविरुद्ध, ताकाविरुद्ध नव्हे. त्यामुळे दूधही प्राण्यापासूनच मिळते, सबब त्याचाही विचार मांसाबरोबरच व्हावयास हवा, असे म्हणणारे लोक आज भेटू लागले म्हणजे हे खूळ नुकतेच पश्चिमेकडून आले असावे, असा पुष्कळांचा समज होतो. हा समज दुरुस्त करण्याजोगा आहे. या वादाचे बरेचसे दफ्तर मुंबई, पुणे आणि वर्धा येथलेच असून त्यातील महत्त्वाची पाने शंभर वर्षांपूर्वीची आहेत.

मोहनदास गांधी १८८८ मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले, ते मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची आईला दिलेली शपथ पाठीशी घेऊनच. प्रारंभीचे दिवस त्यांनी अर्धपोटीच काढले. पुढे लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह दृष्टीस पडले, तेथे पोटभर जेवण मिळाले आणि तेथेच विक्रीस ठेवलेले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराच्या समर्थनाचे पुस्तक एका शिलिंगास मिळाले. तोवर जी केवळ मातेपुढची प्रतिज्ञा होती ती त्या वाचनाने स्वतःची निष्ठा झाली. इंग्लंडात १८४७ मध्येच शाकाहारी मंडळ स्थापन झालेले असल्यामुळे गांधी तेथे पोचले तेव्हा या विषयावर चार दशकांचा वादविवाद साचलेला होता, आणि त्या वादविवादात मांस म्हणजे काय याच्याच तीन निरनिराळ्या व्याख्या प्रचारात होत्या. पहिलीप्रमाणे पशुपक्ष्यांचे मांस तेवढे निषिद्ध, मासे चालत. दुसरीप्रमाणे प्राणिमात्राचे मांस निषिद्ध, अंडी चालत. आणि तिसरीप्रमाणे प्राण्यांचे मांस तर निषिद्धच, पण त्यांच्यापासून उत्पन्न होणारे सर्व पदार्थही, म्हणजे अंडी आणि दूध हे दोन्ही, निषिद्ध. गांधींनी या प्रश्नाचा जो निकाल केला तो त्यांच्या वकिली शिक्षणाला शोभण्याजोगा होता. शपथ आईने दिलेली, तेव्हा तिचा अर्थ आईच्या मनात जो होता तोच ग्राह्य; आईच्या व्याख्येत अंडी मांसातच जमा होती, म्हणून मध्यंतरी घेऊ लागलेली अंडी आणि त्यांच्याबरोबर अंडी घातलेले सारे केक व पुडिंग त्यांनी सोडून दिले. दूध मात्र राहिले. तिसरी व्याख्या त्यांनी वाचली, बाजूस ठेवली आणि वीस वर्षांहून अधिक काळ ती तशीच पडून राहिली.

ती पुन्हा उघडली गेली दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरील अकराशे एकर जमीन हर्मन कॅलनबाख या वास्तुशिल्पज्ञ मित्राने १९१० मध्ये सत्याग्रही कुटुंबांच्या उपयोगासाठी मोकळी करून दिली आणि तिला टॉलस्टॉय फार्म हे नाव पडले. तेथील तत्त्वज्ञानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण माझे लक्ष वेधून घेतो तो तेथला मुदपाकखाना. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी अशा सर्वांनी एकाच चुलीवर शिजलेले शाकाहारी अन्न स्वखुशीने पत्करले होते. गहू लोखंडी हातजात्यावर दळून त्याची पोळी-पाव होई. संत्र्यांची झाडे विपुल, म्हणून त्यांचा मुरंबा होई. आणि भुईमुगाचे दाणे भाजून, वाटून त्यांचे लोणी काढले जाई, जे गायीच्या लोण्याच्या चौथाई किमतीत पडे. गायीच्या ताज्या दुधाचा वापर तेथे जवळजवळ नव्हताच. आटवलेल्या डब्यातील दुधावर निभावून नेत. म्हणजे दुधाचा सैद्धांतिक त्याग होण्यापूर्वीच व्यवहारात त्याचे स्थान डळमळीत झालेले होते. १९१२ मध्ये कॅलनबाख यांनी सहज बोलता बोलता विचारले की दुधाचे दोष आपण नित्य उगाळतो, मग ते सोडीत का नाही. आणि दोघांनी तेथल्या तेथे ते सोडले. ज्यांना ही प्रतिज्ञा लहरीची वाटते त्यांनी हा पूर्वेतिहास पाहावा. शेंगदाण्याचे लोणी आधी घडले, प्रतिज्ञा नंतर.

या त्यागाची कारणे दोन होती आणि ती एका जातीची नव्हती. दूध विकारांना चेतवते, म्हणून ब्रह्मचर्याच्या साधकाने ते टाळावे, हा विचार गांधींचे जैन स्नेही रायचंदभाई यांच्याकडून आला होता. त्याची योग्यायोग्यता ठरविण्याचा अधिकार साधकांचा, आपला नव्हे. दुसरे कारण मात्र कोणासही तपासता येण्यासारखे होते. कलकत्त्याहून आलेल्या काही लिखाणात तेथील गवळ्यांच्या फुंक्याच्या प्रथेचे वर्णन होते. वासरू मेलेले किंवा विकून टाकलेले असले आणि गाय पान्हा चोरू लागली, म्हणजे तिच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकून तिला बळेच पान्हवावयाचे, अशी ती रीत. शहरातील दूध जसजसे धंद्याचे झाले तसतशी ती फोफावली, आणि तिचा उपद्रव एवढा होता की १८९० च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या प्रतिबंधक कायद्यात फुंक्यासाठी शिक्षेचे स्वतंत्र कलम घालावे लागले. हा दाखला मी मुद्दाम देतो. गायीस माता मानणाऱ्या देशातच तिच्या दुधाविषयीची ही पहिली घृणा उत्पन्न झाली, आणि ती कोणत्याही परकीय मतामुळे नव्हे, तर आपल्याच गोठ्यांच्या हालहवालामुळे.

प्रतिज्ञेची पहिली कसोटी १९१४ साली लंडनमध्ये लागली. गांधींना फुप्फुसाच्या आवरणाला सूज येण्याचा विकार जडला. डॉक्टर जीवराज मेहता उपचार करीत आणि दूध व धान्य घेण्याचा आग्रह धरीत. हा आग्रह गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापर्यंत गेला. गोखले स्वतः आजारी होते, तरी या मित्राच्या ताटात काय पडते याची चौकशी ते रोज करीत, आणि फलाहारामागील युक्तिवाद त्यांना मुळीच मान्य नव्हता. गांधींनी चोवीस तासांची मुदत मागितली, रात्रभर विचार केला आणि सकाळी उत्तर दिले की फळांचा हट्ट सोडतो, पण दुधाचा प्रश्न धर्माचा आहे, तो सोडता येणार नाही. गोखल्यांना हा निकाल रुचला नाही, तरी त्यानंतर त्यांनी अधिक आग्रह केला नाही. याच आजारात लेडी सिसिलिया रॉबर्ट्स यांनी मोठ्या ममतेने माल्टेड मिल्कची बाटली आणून दिली; तीत दुधाचा अंशही नाही अशी कोणीतरी त्यांची समजूत करून दिली होती. चूर्ण पाण्यात कालवून तोंडी लावताच चव दुधाची लागली. बाटलीवरील चिठ्ठी वाचली तेव्हा ते दुधाचेच निघाले, आणि ती बाटली बाजूला ठेवण्यात आली. आज दुकानात डब्यामागचा बारीक मजकूर वाचीत उभ्या राहणाऱ्या माणसाची विवंचना काय असते, ती इतक्या जुन्या काळी एका रुग्णाने अनुभवलेली आहे.

१९१५ च्या आरंभी हिंदुस्थानात परतल्यावर गांधी पुण्यास गेले. भारत सेवक समाजाच्या आवारात गोखल्यांनी त्यांच्यासाठी स्नेह्यांचा एक छोटा मेळावा केला आणि पाहुण्याला काय चालते हे आधी विचारून फराळ ठेवला तो खजूर, शेंगदाणे आणि फळे यांचा. मेळाव्याची जागा हाकेच्या अंतरावर होती, पण तेवढे चालण्याचीही गोखल्यांना शक्ती उरली नव्हती. तरी ते आले, मूर्च्छित झाले आणि त्यांना उचलून न्यावे लागले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते निवर्तले. जे मत आपल्याला पटत नाही त्याचाही सत्कार आपल्या घरी त्याच्याच रीतीने करावा, ही गोखल्यांची सभ्यता मला आहारविषयक साऱ्या वाङ्मयातील कित्येक ग्रंथांपेक्षा मोलाची वाटते. मतभेद कायम ठेवून पानात शेंगदाणे वाढता येतात, हे आमच्या आजच्या पंगतींत कितीसे दिसते?

मात्र प्रतिज्ञा करणाऱ्याच्या घरात तिचा भार वाहतो कोण, हे पाहावयाचे तर कस्तुरबांकडे वळले पाहिजे. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गांधी पायी हिंडत होते. त्यांचे अन्न मुख्यत्वे शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू. एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी घरच्यांसाठी गोड लापशी केली, आणि पतीला तूप चालत नाही म्हणून त्याच्यासाठीची लापशी वेगळी, तेलावर केली. जोडीला वाटीभर मूग राखून ठेवले. तो मोह आवरला नाही, आणि त्यानंतर जी हगवण लागली तिने गांधींना मृत्यूच्या दारापर्यंत नेले. त्या दुखण्यात महाराष्ट्रातील केळकर नावाचे एक गृहस्थ बर्फाचे उपचार करण्यास आले आणि निर्जीव अंडी घेण्यास काय हरकत, असा नवाच मुद्दा त्यांनी काढला. तोही मान्य झाला नाही. हवापालटासाठी माथेरानला नेले, तर तेथील जड पाणी मानवले नाही. शेवटी शंकरलाल बँकर यांच्या खटपटीने मुंबईत डॉक्टर दलाल यांना दाखविण्यात आले आणि जानेवारी १९१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली. दूध घेतल्याखेरीज हे शरीर मी पुन्हा उभे करू शकत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. रुग्णाने प्रतिज्ञेची आणि फुंक्याची सारी कैफियत सांगितली. ती ऐकत कस्तुरबा खाटेपाशी उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले की मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी? प्रतिज्ञा घेते वेळी मनात गाय आणि म्हैसच होती, फुंका होतो तो त्यांनाच. डॉक्टरांनी तो धागा तत्काळ उचलला आणि रोगी नमला.

शब्द पाळला पण त्यातील जीव गेला, अशी गांधींची या तडजोडीविषयीची व्यथा शेवटपर्यंत राहिली, आणि त्यांच्या चरित्रकारांनी ती आदराने नोंदविली आहे. माझ्या मते या प्रकरणाचा खरा नायक त्या खाटेपाशी उभा होता. तेलाची लापशी करून व्रताला स्वयंपाकघरात जागा देणारी जी बाई, तिनेच ते व्रत माणसाचा जीव घेऊ लागलेले पाहून त्यात वाट काढली. दोन्ही कृत्यांमागे एकच बुद्धी होती: समोरच्या माणसाने जगावे आणि त्याच्या मनाचा मानही राहावा. कोणत्याही घरात एकाने आहार बदलला म्हणजे हा प्रश्न उभा राहतो आणि बहुधा तो चुलीपाशी उभ्या असलेल्या व्यक्तीलाच सोडवावा लागतो. आहारसुधारणेच्या इतिहासात मात्र व्याख्या करणाऱ्यांची नावे येतात, रांधणाऱ्यांची येत नाहीत.

पुढला अध्याय वर्ध्याचा. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाज यांनी आपली बाग त्याच्या स्वाधीन केली, तिला मगनवाडी हे नाव मिळाले आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेथे तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ असे उद्योग सुरू झाले. मगनवाडीच्या सामुदायिक स्वयंपाकघरात तेव्हा जे शिजत होते ते केवळ आश्रमीय विरक्तीचे अन्न नव्हते; खेड्यातील मजुराला त्याच्या मिळकतीत पुरेसे पोषण कसे मिळेल, याचा तो हिशेब होता. कडुलिंबाच्या पाल्याची चटणी, चिंच, कच्चा भाजीपाला यांचे प्रयोग झाले. १९३५ मध्ये सोयाबीन आले. बडोदे संस्थानात त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले जात होते आणि तेथून प्रसिद्ध झालेली माहिती गांधींनी ‘हरिजन’मधून वाचकांपुढे ठेवली, मगनवाडीच्या मंडळींच्या जेवणात ते शिजवून रोज येऊ लागले. दुधातील आणि मांसातील सत्त्व देणारी, स्वस्त आणि निर्दोष अशी एखादी वनस्पती सृष्टीत असलीच पाहिजे, हा जो शोध आफ्रिकेत भुईमुगापाशी सुरू झाला होता तो येथे सोयाबीनपाशी आला. त्याच वर्ध्यात १९४१ मध्ये गोसेवा संघ निघाला आणि जमनालालजींनी आपले अखेरचे महिने गायीच्या सेवेस वाहिले, यात काहींना विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. ज्याच्या पोरांना कोणतेच दूध मिळत नाही त्याला गायीचे दूध मिळवून देण्याची खटपट करावी, आणि त्याबरोबरच दुधावाचून भागेल असे अन्नही शोधावे, हे एकाच करुणेचे दोन व्यवहार आहेत.

कारण त्या परिसरातील रयतेचा आहार दुधावाचूनचा होताच. वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मुलखातील शेतमजुराची न्याहारी म्हणजे ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, तेल असलेच तर त्याचा थेंब. जेवण म्हणजे तुरीचे वरण, अंबाडीची किंवा चवळीच्या पाल्याची भाजी, बेसनाचा झुणका आणि जवसाची अथवा कारळाची चटणी. दारी म्हैस असली तरी तिचे दूध बाजारी जाई आणि घरी राहिले तर ताक राही. या माणसाने दुधाचा त्याग केलेला नव्हता, ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि आहाराच्या चर्चेत ते वारंवार पुसले जाते. तरी पाककलेच्या दृष्टीने पाहता, दुधावाचून रुचकर आणि पौष्टिक कसे रांधावे याचे ज्ञान या गरीब चुलींइतके दुसरीकडे क्वचितच साठलेले असेल. तीळ, जवस, कारळ आणि शेंगदाणे यांचे कूट हे त्या स्वयंपाकाचे लोणी-तूप. भाकरीबरोबर डाळ आणि चटणी घेण्याची जी त्यांची चाल, तीत धान्याचे उणे कडधान्य भरून काढते, हे अन्नशास्त्राने फार नंतर सांगितले. आणि सह्याद्री उतरून कोकणात किंवा गोमंतकात गेले तर तेथे नारळाचा रस शेकडो वर्षे दुधाचे काम करीत आलेला. आमसुलाच्या सोलकढीत तो, तांदळाच्या खिरीत तो, फणसाच्या सांदणांबरोबर गूळ-वेलची घालून वाटीत घ्यावयाचा तोही तोच. दुधाचा पर्याय शोधणाऱ्यांनी आफ्रिका, बडोदे आणि लंडन येथे चौकशी केली. रत्नागिरीच्या एखाद्या माजघरात केली असती तर खोबऱ्याचा रस पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाण्याचा कसा काढावा आणि कोणता कशात घालावा, याचा तपशील घरातल्या म्हातारीने उभ्या उभ्या सांगितला असता.

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधी पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध झाले, आणि त्या बंदिवासातच त्यांनी आरोग्यावरील आपले लहानसे पुस्तक लिहून पुरे केले. दुधाविषयीचा तीस वर्षांचा जमाखर्च त्यांनी तेथे मांडला आहे. सहा वर्षे दूध वर्ज्य केल्याचा अनुभव सांगून, सामान्य माणसाने शाकाहाराबरोबर दूध व दुधाचे पदार्थ घ्यावेत, असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. जो दूध घेतो त्याने निर्जीव अंड्यांना नाकारण्यास आधार नाही, असे म्हणून केळकरांच्या जुन्या मुद्द्यालाही न्याय दिला. आणि दुधाची जागा घेणारी वनस्पती सापडेल ही आशा मात्र सोडली नाही. याच महालात २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला.

त्याच वर्षी, महायुद्ध चालू असताना, इंग्लंडात या विषयाला निराळे वळण लागले. डोनाल्ड वॉटसन हा यॉर्कशरमधील मेक्सबरो गावी जन्मलेला, शाळेत सुतारकाम शिकवणारा, युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारा तरुण. लहानपणी चुलत्याच्या शेतावर डुक्कर मारताना पाहिल्यावर चौदाव्या वर्षी त्याने मांस सोडले होते. दूध न घेणाऱ्यांचा स्वतंत्र विभाग असावा, ही मागणी जुन्या शाकाहारी मंडळाने नामंजूर केल्यावर नोव्हेंबर १९४४ मध्ये तो आणि आणखी पाच जण लंडनमध्ये एकत्र जमले आणि व्हीगन मंडळाची स्थापना झाली. गांधींनी १८९० च्या सुमारास बाजूस ठेवलेली तिसरी व्याख्या अशा रीतीने त्याच नगरात एका संस्थेची घटना बनली. दोनच वर्षांत, १९४६ मध्ये, फे हेंडर्सन या बाईंचे अशा पाककृतींचे पुस्तक निघाले. १९५६ मध्ये लेस्ली क्रॉस यांच्या पुढाकाराने वनस्पतिजन्य दुधासाठी वेगळी संस्था उभी राहिली आणि १९६५ मध्ये तिच्या खटाटोपातून सोयाबीनचे दूध बाजारात आले.

मधल्या काळात विज्ञानानेही एक निर्णय दिला होता. १९४८ मध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व अमेरिका आणि इंग्लंड येथे जवळजवळ एकाच वेळी वेगळे काढण्यात आले आणि ते सूक्ष्म जंतू घडवितात, वनस्पती घडवीत नाहीत, हे क्रमाने स्पष्ट झाले. शरीरात, विशेषतः यकृतात, त्याचा साठा कित्येक वर्षे पुरतो; म्हणून दूध-मांस सोडणाऱ्यास आरंभीची वर्षे प्रकृती उत्तम वाटते आणि अशक्तपणा, हातापायांची बधिरता ही लक्षणे उशिराने दिसतात. पन्नाशीच्या दशकात इंग्लंडातील अशा काही व्यक्तींत ती दिसून आली. तेव्हा डॉक्टर मंडळींचा दुधाविषयीचा हट्ट सर्वस्वी आंधळा होता असे म्हणता येणार नाही. आणि आता हे जीवनसत्त्व जंतूंपासून करून गोळीच्या रूपाने सहज मिळत असल्यामुळे, दुधावाचून जगताच येणार नाही असे म्हणण्यासही आधार उरलेला नाही. जो हा आहार स्वीकारील त्याने ती गोळी घ्यावी, एवढे मात्र निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

मगनवाडीत जे मूठभर शिजले ते सोयाबीन आज विदर्भ-मराठवाड्याचे प्रमुख पीक झाले आहे, आणि महाराष्ट्र त्याच्या उत्पादनात देशातील अग्रेसर प्रांतांपैकी एक आहे. पण ते पिकविणाऱ्याच्या घरी शिजत नाही. ते तेलगिरण्यांत जाते. त्याचे तेल पिंपांत भरले जाते आणि सत्त्वयुक्त पेंड कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यात जाते, म्हणजे वर्ध्याच्या मजुरासाठी ज्या धान्याची तजवीज चालली होती ते अंडे आणि दूध होऊन, ज्याची ऐपत असेल त्याच्या ताटात येते. सोयाबीनचे बंद डब्यातील दूध शहरात मिळते, पण गायीच्या दुधाहून महाग. जवसाचा पेरा त्याच मुलखात घटत चालला आहे, आणि त्याची चटणी जाणणाऱ्या घरांत ती आता क्वचित वाटली जाते. पुण्यामुंबईच्या दुकानांत मात्र तेच जवस लहान पुड्यांतून, गावच्या भावाच्या कितीतरी पटींनी विकले जात आहे.